शेपटी तडकलेला करकोचा

लायडन, मंगळवार

प्रिय योस्ट,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. दार लाव, बस, आणि बूट काढून ठेव. वाचता वाचता तू लायडनची होडी पकडायला धावशील. बहीण आहे मी तुझी, ओळखून आहे.

काल चर्चच्या वडीलमंडळातले व्हेसल आले होते. प्रभुभोजनाआधीची त्यांची ती नेहमीची फेरी: घरात शांती आहे ना, कुणाशी वैर नाही ना, श्रद्धा जागेवर आहे ना. मी ताक दिलं. त्याला त्यांनी हातही लावला नाही. झग्यातून दोन पुस्तकं काढून टेबलावर शेजारी शेजारी उघडली. एक आपल्याच छापखान्याने चर्चला छापून दिलेलं स्तोत्रांचं. दुसरं तुझं.

अरे, किती जपलं होतं आपण! तुझं नाव नाही, गाव खोटं, कागदही परका. पण राजाची सत्ता लोकांच्या कराराने आली आणि पाळकांना तर तेवढीही नाही, असं तू जिथे ठणकावलंस, तिथे खाली अर्धं पान कोरं राहिलं. कोरी जागा पाहून छापणाऱ्याचा हात स्वस्थ बसतो होय? मी सवयीने बाबांचा करकोच्याचा ठसा बसवला, शेपटीला तडा गेलेला. स्तोत्रांतही तोच आहे. वीस वर्षं दर रविवारी ते पान बघणाऱ्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? चूक माझी, शंभरदा माझी.

व्हेसल शांतपणे म्हणाले, "चंद्रावर डोंगर आहेत म्हणणारी पुस्तकं एकवेळ पोटात घालू, माख्टेल्ड. हे नाही. लेखकाचं नाव सांग, नाहीतर मी इथून थेट न्यायाधीशांकडे जातो." असंच लिहिणारा एक जण गेल्या साली कैदेत गेला, सहा महिन्यांत त्याचं प्रेत बाहेर आलं. तुझी छाती तर लहानपणापासून कमजोर.

मार्चमध्ये माझा डिर्क गेला, मी विधवा झाले. किती भाविक होता ते तू जाणतोस. जेवणाआधी त्याची प्रार्थना लांबली की तू टेबलाखालून मला लाथ मारायचास. हिवाळ्यात तो वर खाटेवर खोकत पडला होता आणि खाली मी तुझ्या पुस्तकासाठी अक्षरांचे खिळे जुळवत होते. माझा हात धरून त्याने विनवलं, हे पाप आपल्या घरात नको. मी बरं म्हटलं, आणि छापलं.

काल स्तोत्रांवर हात ठेवून मी सांगितलं, "डिर्कने लिहिलं." मेलेल्याला कोण पकडणार? व्हेसलना पटलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

येत्या रविवारी व्यासपीठावरून डिर्कचं नाव पाखंडी म्हणून वाचतील. माझ्या शेजारी त्याची आई बसलेली असेल. तिला खरं सांगता येत नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. संमतीवाचून कुणावर कसलं बंधन लादता येत नाही, असं तू लिहिलंस. डिर्कची संमती मी घेतली नाही, योस्ट. आता तुझा ताठा मला ठाऊक आहे. पुस्तक माझं म्हणत तू येशील. येऊ नकोस. आलास तर तू कैदेत, मी खोट्या शपथेची, आणि डिर्कची अब्रू फुकट गेलेली. जन्मभर ते पुस्तक तुझं नाही. आणि कुणी तुझ्यासमोर डिर्कला पाखंडी म्हणालं, तर तूही हो म्हण.

तुझीच,
माख्टेल्ड