अंगणात गाड्या लागणार नाहीत

॥ श्री शनैश्चराय नमः ॥

आले: सिमेंटचे षटकोनी ब्लॉक, एक टेम्पो, रुपये बारा हजार चारशे. खडीची कच, तीन हजार. 'पार्किंग, गाडीस पन्नास रुपये' अशी पाटी, नऊशे. हमाली सहाशे, ती माझ्याकडून घेतली. मागवणारा माझा मुलगा वैजनाथ, राहणार सावेडी. मला विचारलं नाही.

सबब मी, बायडाबाई सहादेव येळवंडे, वय ७१, मॅट्रिक पास, राहणार शनिशिंगणापूर, रागात पण पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली नव्हे, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते.

१. घर माझ्या माहेरच्या पैशातून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावर. ते वैजनाथला. चौकटीला दार नाही, ते त्यानेही बसवू नये. इथवर त्याला आवडेल.

२. घरापुढचं अंगण मात्र माझी नात, वैजनाथचीच लेक सुकन्या हिला. याच अंगणात गावातली पोरं संध्याकाळी गणित शिकतात. तुळशीकडे वरून पाहायचं: पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम, खालची दक्षिण-उत्तर, झाला काटकोन. सदाफुलीच्या पाकळ्यांवरून पाचाचा पाढा. पपई आडवी कापून तिच्यातली चांदणी रांगोळीत उतरवायची.

वैजनाथ म्हणाला, "आई, फुलं मोजून कुणी इंजिनिअर झालंय का? मोकळंच पडलंय अंगण, शनिवारी गाड्या लावू."

बाळा, अपूर्णांकाला भिऊन गोधडीत शिरणारा तूच होतास. भाकरीचे चतकोर करून तुला बाहेर काढला तो याच अंगणात. इंजिनिअर तू झालास, आता पाटी लाव.

३. सुकन्या सज्ञान होईपर्यंत अंगणाची देखरेख शेजारीण केशरबाईकडे. होय, तीच. ती माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी नाही. भर संक्रांतीला बायकांत म्हणाली होती, "ठिपकं मोजनारीला कुठं चित्र येतंय!" ती रांगोळीत हातानेच वेली काढते, ठिपका म्हणून देत नाही. पण पोरांना माझे ठिपकेही लागतात आणि तिचा वळणदार हातही. हे तिच्या तोंडावर मी जन्मात म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिलं. वैजनाथने काही करायचं तर तिची परवानगी घ्यावी. ती देणार नाही.

४. ब्लॉक. सुट्टीत सुकन्या आली, तिने ते जुळवून पाहिले आणि ओरडली, "आज्जी, हे तर मधमाश्यांचं पोळं!" मग पोरांनी पुठ्ठ्याचे पंचकोन कापले. ते काही केल्या जुळेनात, फटी राहिल्या. सहा कोनांचे बिनफटीचे बसले. तेवढ्यापुरते चार ब्लॉक ठेवून घेतले आहेत, त्यांचे पैसे मिळणार नाहीत.

५. माझं सुतक असेतो दारात रांगोळी नको, रीत मोडू नये. चौदाव्या दिवशी सुकन्याने पहिला ठिपका ठेवावा. त्या जागी गाडी उभी दिसली तर कलम १ रद्द, घरही सुकन्याचं.

साक्षीदार: सूर्यभान कचरू येळवंडे (सही)
सत्यशीला भागवत येळवंडे (सही)

बायडाबाई सहादेव येळवंडे (सही)
शनिशिंगणापूर, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
दि. ९ जून २०२५

वैजनाथ, ही नक्कल तुला. पंचवीस तारखेला मी नेवाशाला नोंदणीला जाणार. उरलेले ब्लॉक न्यायला टेम्पो कधी पाठवतोस ते उलट टपाली कळव. फोन करू नकोस, फोनवरचं तू नंतर नाकारतोस.