पोळ्याचं आवतन

नागपूर, तान्हा पोळा, १९७४

तीर्थरूप मायले जागेश्वरचा दंडवत.

माही तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर भेटते. पोळ्याले घरी आलो नाही म्हणून रागावू नको वं. मी काम करतो त्या गोठ्यातल्या बैलायले तोंडा-खुराचा रोग आहे, अन् तो कपड्यासंगंही घरी येते.

तू आपल्या बैलजोडीसाठी औषध मागितलं, पण इथले ढोरायचे डाक्टर साहेब अजून ते पारखून राहिले. अर्ध्या बैलायले नवं औषध टोचतो, अर्ध्यायले नुसतं पाणी. त्याबिगर औषधाचा गुण समजत नाही म्हणतात. खरंच असन. पण पाण्याची सुई मीच टोचतो, अन् बैल माह्याकडंच पाहते.

त्या पाण्यावाल्यायत एक आपल्या पांढऱ्यासारखा आहे. परवा त्याचे खांदे हळद-लोण्यानं शेकले अन् घरच्यासारखं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

काल पुरणाची पोळी घेऊन गेलो. त्याची जीभ सोलून निघाली होती, लाळ गळत होती. तरी त्यानं पोळी तोंडात घेतली. मंग तशीच खाली पडली.

आवतन मीच देलं होतं वं माय.

आपल्या जोडीनं पोटभर खाल्लं का? तेवढं कोणाकडून लिहून पाठव.

तुहा,
जागेश्वर