टाचणीदादांच्या मंजुरीअभावी अडकलेल्या अकरा ओळी

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
महिला सहभाग प्रोत्साहन कक्ष,
मुक्त स्रोत प्रकल्प कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदार व टाचणीदादा ही एकच व्यक्ती असल्याची नोंद होऊन शंभराव्या नंबरची दुरुस्ती मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) आपले आवाहन 'भगिनींनो, पुढे या'.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. सविनय सादर की, दवाखान्यात रुग्णांना रांगेचे नंबर देणारा आपला प्रोग्राम मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. अर्जदार सहा वर्षे तेच करीत आली आहे. घरी, शिवणयंत्राशेजारी बसून, 'टाचणी' या टोपणनावाने. तिला कुणी पाहिलेले नव्हते. काम चोख निघाल्याने सगळ्यांनी परस्पर 'टाचणीदादा' म्हणायला सुरुवात केली. तिने दोनदा खुलासा केला. "दादा, तुमचे विनोद भारी असतात," असे उत्तर आल्यावर सोडून दिले. पुढे रांगेचा सगळा भाग दादांच्या देखरेखीखाली आला. त्यांच्या मंजुरीशिवाय तिथे आजही एक स्वल्पविराम हलत नाही.

२. गेल्या वर्षी कक्षाने मोजणी केली. सभासद दोनशे चौदा, महिला शून्य. त्यावर उपाय शोधण्यासाठी सात जणांची समिती झाली व अध्यक्षपदी टाचणीदादांची एकमताने निवड झाली. पहिल्या ऑनलाइन बैठकीत अर्जदार हिने कॅमेरा सुरू केला. मग चिटणीस म्हणाले, "वहिनी, दादांना जरा बोलवता का?" ती म्हणाली, "मीच टाचणी." चिटणीस म्हणाले, "हो हो, पण दादा कधी येतील?" इतिवृत्तात 'अध्यक्ष अनुपस्थित, वहिनींनी आस्था दाखवली' अशी नोंद आहे.

३. चिटणीसांच्याच सल्ल्याने तिने स्वतःच्या नावाने नवे खाते उघडले. कक्षाने पहिली महिला सभासद मिळाल्याचे जाहीर केले. नवोदित भगिनीला नियमानुसार एक मार्गदर्शक मिळतो. तिला टाचणीदादा मिळाले. तिने दादांच्या खात्यातून स्वतःला शुभेच्छा पाठवल्या. पुढच्याच आठवड्यात, दादांच्या खात्यात एक बाई वरचेवर शिरते असे सुरक्षा विभागाच्या लक्षात आले व दादांच्या हितासाठी ते खाते बंद करण्यात आले.

४. या सगळ्याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की नव्याण्णवनंतर प्रोग्राम चिठ्ठी शंभरची देतो, पण दारावरच्या बोलत्या पाटीवर पुन्हा एकपासून पुकारतो. चूक तिचीच आहे, पहिल्या वर्षीची. तेव्हा एका दिवसात शंभर माणसे येत नसत. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीला डोळ्यांच्या दवाखान्यात शंभर नंबर मिळाला. मावशी सकाळपासून दार बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "पाटी चुकेल कशी? तूच केलीयस ना ती? मीच ऐकलं नसेन."

त्याच दिवशी अर्जदार हिने अकरा ओळींची दुरुस्ती लिहून स्वतःच्या नावाने पाठवली. उत्तर आपोआप आले : 'धन्यवाद, ताई! आपली दुरुस्ती टाचणीदादांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.' यास तेवीस दिवस झाले. चिटणीसांना फोन केला असता ते म्हणाले, "ताई, धीर धरा. दादा सगळ्यांचंच काम बारकाईने तपासतात."

५. खाते बंद झाल्यापासून दादा दिसत नसल्याने येत्या शनिवारी त्यांचा निरोप समारंभ असून पुष्पगुच्छ महिला सभासदाच्या हस्ते द्यायचा आहे, असे कळले. दादा न आल्यास तो कुणी घ्यायचा, हे पत्रात नाही. अर्जदार देण्यास व घेण्यास दोन्हीस तयार आहे. तरी तिची व दादांची नोंद एक करावी. ते नियमात बसत नसल्यास दादा वारल्याचे जाहीर करून देखरेख दुसऱ्या कुणाकडेही सोपवावी. अर्जदाराची हरकत राहणार नाही.

मावशीची पुढची तारीख सोमवारी आहे. ती म्हणते, लवकर जाऊ, नव्याण्णवच्या आत. शंभरावे कुणीतरी असेलच.

आपली नम्र
(आपल्या नोंदीनुसार : आपला नम्र),
टाचणी

दिनांक : गुरुवार, १९

सोबत :
१) अकरा ओळींची दुरुस्ती.
२) मावशीची शंभर नंबरची चिठ्ठी, मूळ प्रत. कृपया परत करावी. तिचा नंबर अजून आलेला नाही.