निर्वातातला खंडोबा

देवास, कार्तिक अमावास्या

चि. मनन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल, खोकला तेवढा सोबतीला आहे. तुझी दाढ कशी आहे? अक्काआत्याचे गुडघे? (मांडूच्या चढावर ती अजून तुला मागे टाकते हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत.)

आता खंडोबाचं वर्तमान. देवघरातला चांदीचा टाक तू उचलून मला दिलास आणि सोनाराकडे उजळायला गेलाय असं अक्काला सांगितलंस. बेत माझाच. आमच्या प्रयोगशाळेतल्या चेंबरमध्ये विजेने वायू पेटवला की जांभळा प्लाझ्मा होतो. त्यातले कण टायटॅनियमवर आपटतात, त्याची धूळ उडून समोरच्या वस्तूवर बसते, आणि नायट्रोजन बेताने सोडला तर सोन्यासारखा थर चढतो. चंपाषष्ठीला अक्काला सोनेरी खंडोबा द्यावा, एवढंच मनात होतं. पण आधी चेंबरमधली हवा पार उपसावी लागते, आणि पंप दोन दिवस धापा टाकत राहिला. उमाशंकर सर (माझे मार्गदर्शक, आत कोण बसलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं) गळती शोधत नळ्यांखाली आडवे झाले, मी बोल्ट आवळून हात सोलून घेतले. शेवटी चेंबर उघडलं. सरांनी टाक उचलून हुंगला. तीन पिढ्यांचा भंडारा, तेल आणि पंचामृत फटीफटीत बसलेलं, त्याचीच वाफ होत होती. (रागावले की ते मुलींनाही भिया म्हणतात.) "भिया, भगवान को नहलाया नहीं था क्या?" एवढंच म्हणाले.

मग अ‍ॅसिटोनने अभ्यंगस्नान झालं. पण मी घाई केली, आत थोडी हवा उरली, आणि देव सोनेरी न होता मोरपिशी निळे निघाले. थर केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा, पण घासून जाता जात नाही.

थोरांस नमस्कार, दाढेस लवंग.

तुझी,
वल्लरीताई

ता. क. टाक घेऊन रविवारच्या बसने धारला येते.

आणखी ता. क. मनन, तू हिंदी शाळेतला. मराठी पत्राच्या चौथ्या ओळीला दमतोस आणि ते अक्काच्या हाती देतोस. म्हणूनच फोन केला नाही. तेव्हा अक्का, इथपर्यंत तूच वाचलंस. मननला बोलू नकोस, चूक माझी. फोनवर तुझा आवाज ऐकून मला हे सांगवलं नसतं. निळा झाला तरी देव तोच ना गं? रविवारी दाराशी उभी राहीन. त्याला आत घेतलंस तर मीही येते.