हयातीनंतरची शिष्यवृत्ती

१२ मार्च, सकाळी ९
मृत्युपत्र झालं. सही ठोकली, साक्षीदारांना पियुष पाजलं. गावची आमराई विकून आलेले पैसे माझ्यामागे चाळीच्या मंडळाकडे जाणार. त्यातून दरवर्षी डिलाईल रोडवरच्या तीन गरजू मुलांची स्विमिंगची फी. बायको गेली, मूलबाळ नाही, पण नाव राहील. संकल्प: कुणाला सांगायचं नाही. मोठेपणा अंगाला लावून घ्यायचा नाही.

१२ मार्च, दुपारी १
फक्त दीपकला सांगितलं. मंडळाचा सेक्रेटरी आहे, त्याला माहीत हवंच.

१५ मार्च
चाळीचा माझ्यावर एवढा जीव आहे हे ठाऊकच नव्हतं! दिवसभर रीघ. समोरच्या शेवंतीबाईंनी बांगड्याचं तिखलं पाठवलं. वर, तात्यानू, बीपीची गोळी घेतास मां, अशी चौकशी. रोज न चुकता घेतो म्हटल्यावर तोंड वळवून निघून गेल्या. मन भरून आलं असणार.

२९ मार्च
दीपक फोटो काढून गेला. कोट घालून, समोरून. हसू नका म्हणाला. मोठा करून ठेवतो, ऐन वेळी धावपळ नको, म्हणे. फार व्यवस्थित माणूस.

६ एप्रिल
तळमजल्यावरच्या मीराबाईंची नात अक्षदा आली. मीराबाई चार घरची कामं करतात. पोरगी तेरा वर्षांची. शाळेच्या कॅम्पमध्ये पोहली, तिथल्या सरांनी पोहण्याच्या बॅचला बोलावलंय. पण १५ मेच्या आत फी भरायला हवी. नंतर वय उलटतं, त्या बॅचला घेत नाहीत. सरळ तोंडावर विचारलंन, तात्या, आत्ताच नाही का देता येणार?
राग आला. बाकीच्यांनी एका शब्दाने तरी पैशाचा विषय काढला का? कायद्याची पद्धत असते, असं सांगितलं. तरी मी कठोर नाही. सोमवारी वकिलांना विचारतो.

२२ एप्रिल
वकिलांकडे जाणं झालं नाही. ऊन फार. शिवाय आत्ताच देऊन टाकलं तर उद्या चौकशीला कोण येईल, असा एक क्षुद्र विचार आला. झटकला. पुढच्या आठवड्यात नक्की.
जिन्याखाली नवा बोर्ड, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. वळवून पाहिला. ‘कै. वामन गोविंद साटम स्मृती जलतरण शिष्यवृत्ती’. खाली १९५०, मग एक रेघ, पुढे जागा कोरी. दीपक म्हणाला, पेंटर आता स्वस्तात मिळतो, गणपतीत हात लावू देत नाही. याला म्हणतात प्लॅनिंग. अक्षर मात्र सुरेख. जेवण गेलं नाही. उकाडा.

४ मे
छातीत दुखलं. दीपकने दोन मिनिटांत टॅक्सी आणली. जिना उतरताना पाहिलं, गॅलरीत सगळी चाळ उभी. माझ्या लग्नालाही एवढी माणसं नव्हती. कुणीतरी हॉलची तारीख विचारत होतं. कुणाचं तरी लग्न असेल.

९ मे, हॉस्पिटल
परवा डॉक्टर म्हणाले, अजून दहा वर्षं बघायला नको. दीपक आणि शेवंतीबाई शेजारीच होते. दोघं बातमी सांगायला लगेच चाळीकडे निघाले.
तेव्हापासून कुणी आलेलं नाही. सुट्ट्या, गावी गेले असतील. संकल्प: घरी गेल्या गेल्या अक्षदाचं काम.

१७ मे
घरी आलो. एकटाच. फळ्यावर नोटीस: ‘काही अपरिहार्य कारणास्तव शिष्यवृत्ती वितरण सोहळा पुढे ढकलण्यात येत आहे.’ दीपकला विचारलं, कसलं कारण? तो फळा पुसायला लागला. पुन्हा विचारलं. म्हणाला, तात्या, तुम्हीच.
चेकबुक घेऊन मीराबाईंकडे उतरलो. चेक लिहायला वकील लागत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीराबाई म्हणाल्या, तारीख परवाच गेली. अक्षदा आता त्यांच्याबरोबर कामाला जाते. चेक त्यांनी घेतला नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाल्या.
तेवढ्यात अक्षदा हात पुसत बाहेर आली. तात्या, बरं वाटतंय ना आता, असं विचारलंन आणि उत्तरासाठी थांबली. दोन महिन्यांत थांबलेली ती एकटीच.
हो म्हणायची मला लाज वाटली.