फौजदाराचं खत

६ जानेवारी

बोक्याची घाण काढायचं काम आजपासून माझ्या गळ्यात! सुनेला दिवस गेलेत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — मांजराच्या पेटीला हात लावायचा नाही. घाणीतून पोटातल्या बाळाला बाधतं म्हणे. मुलगा म्हणाला, "देऊन टाकू बोका कुणाला तरी." सुनेचे डोळे भरले. मग मीच म्हटलं, असू दे, मी काढीन. उंदीर तरी धरतो मेला. फौजदार नाव उगाच नाही ठेवलं!

९ जानेवारी

पेटीत सुताराकडचा भुसा घालते, रोज उपसते. एवढा भुसा कचऱ्यात टाकायचा म्हणजे जिवावर येतं. जन्मभर शिवणकाम केलं, कतरणसुद्धा टाकली नाही — उशीत भरली. मागच्या अंगणात खताचं पिंप आहेच. वाळका पाला, माती, त्यावर हे. गाईचं शेण चालतं, मग फौजदारानंच काय घोडं मारलंय? वास मेला की खत झालं, एवढं मला कळतं.

२२ फेब्रुवारी

पिंप उघडलं. काळंभोर, भुसभुशीत, वासाचा पत्ता नाही! मुळ्याच्या वाफ्यात पसरलं. कुणाला बोलले नाही — उगाच नाकं मुरडतील.

१९ मार्च

काय मुळे आलेत! पांढरेशुभ्र, कोवळे. रोज सुनेच्या डब्यात घालते — पाल्यासकट, कच्चेच. नळाखाली धरले की झालं. शिजवलं की सत्त्व जातं. ती "हो आई" म्हणून डबा उचलते. गुणी पोर. माझ्या लेकीनंच आणलेलं स्थळ — नणंद-भावजय एकाच कचेरीत, टेबलाला टेबल लागून.

६ एप्रिल

लेक याही रविवारी आली नाही. पित्त वाढलंय म्हणे. मी फार खोदून विचारत नाही. दोनदा तिचं पोट पडलं. तेव्हापासून तिच्यासमोर बाळाचा विषय काढायचा नाही, हे घरात न बोलता ठरलंय. आणि भावजयीचं वाढतं पोट मात्र दिवसभर शेजारच्या खुर्चीत! काय होत असेल तिच्या जिवाचं.

१७ एप्रिल



सुनेबरोबर तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मांजराचं विचारलं. मी आपली ऐटीत — "पेटी मीच काढते, आणि वायाही घालवत नाही. बागेत घालते!" त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"कसली बाग? फुलांची?"

"मुळ्याची."

"मुळे कोण खातं? कच्चे?"

मी सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे.

बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "आजी, वास गेला म्हणजे जंतू गेले असं नसतं. गाय गवत खाते, हा उंदीर खातो. जंतू मरतील इतकं तुमचं पिंप तापतच नाही. मातीत ते वर्षभरसुद्धा राहतात. एरवी धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. पण पोटुशीला पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाचे डोळे, मेंदू..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. सुनेचं रक्त घेतलं. रिपोर्ट यायला वेळ लागेल.

ज्या घाणीला तिनं हात लावू नये म्हणून मी पुढे झाले, तीच मी तिच्या डब्यात घातली!

१८ एप्रिल

वाफा उपटला. पिंपासकट सगळं पिशव्यांत बांधून कचऱ्यात. मुलगा पिशव्या उचलत होता. शेवटी एवढंच — "आई, काटकसरीलाही काही धरबंध असतो." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुनेला म्हटलं, ताईला यातलं अक्षर सांगू नकोस. दोनदा पोळलीय. बाळाचं असलं काही तिच्या कानावर नको. सून म्हणाली, "नाही सांगणार, आई."

२० एप्रिल

रिपोर्ट नाही. फौजदार पायात घुटमळतो. त्याच्याकडे बघवत नाही. त्याचा काय दोष!

२३ एप्रिल

रिपोर्ट आला, सून वाचली! रक्तात काही नाही. कधी लागणच झाली नव्हती.

मी देवासमोर बसून रडले. सून जवळ आली, ओशाळून म्हणाली, "आई, रागावू नका. मला कच्च्या मुळ्याचा वासही सहन होत नाही. त्या दिवशी दवाखान्यातच सांगणार होते, पण धीर झाला नाही. तुम्ही एवढ्या मायेनं घालता, म्हणून टाकवत नव्हते. ताईंना देत होते रोज. त्यांना फार आवडतात."

रागावू कशाला? पायच धरायचे बाकी होते! आणि लेक म्हणजे — लहानपणी मुळा पाहिला की पळायची ती! पण ती धडधाकट आहे, तिला काय होतंय. आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

२७ एप्रिल

लेकीचा फोन. रडतेय की हसतेय, कळेना.

"आई, तिसरा महिना सरला! काल ठोके दाखवले गं मला. या खेपेला मुद्दामच कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा. पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता — तुझे मुळे तेवढे ठरायचे. त्यांच्यावरच निभावलं मी."

फोन कानाला धरून मी मागच्या अंगणातल्या उपटलेल्या वाफ्याकडे बघत राहिले.

"आई, ऐकतेस ना? आता का गं पाठवत नाहीस?"