रानबोराच्या बियांचा चहा

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. फोन दोनदा हातात घेतला आणि परत ठेवून दिला, म्हणून लिहायला बसले. येत्या गुरुवारी छोंगजूच्या इस्पितळात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. एक झडप बदलायची म्हणतात. डॉक्टर पोरगेलासाच आहे. म्हणाला, "आजी, कशाला घाबरता, मी हे रोज करतो." तो रोज करत असेल, मी पहिल्यांदाच करून घेतेय. ताई, मी फार घाबरलेय. भांडी घासताना वाट्या हातातून निसटतात. शेजारच्या सुन-रे वहिनी हसतात, "दीडशे कोबी एकटीने मिठात घालणारी बाई तू, आणि एका सुईला भितेस होय गं?" त्यांच्यासमोर मीही हसते. त्या गेल्या की दार लावून बसते.

मन थाऱ्यावर यावं म्हणून वैद्यबुवांकडून रानबोराच्या बिया आणल्या, आईसाठी आणायचो त्याच. कढईत मंद आचेवर भाजायच्या, फुगून तडतडल्या आणि खमंग वास सुटला की उतरवायच्या. मग खलात जाडसर कुटून, चिरलेली वाळकी बोरं आणि ज्येष्ठमधाचा तुकडा घालून, मातीच्या भांड्यात पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. तुला हे सगळं येतं. तरी लिहितेय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. गेले चार दिवस मी रोज हा चहा करते आणि मोरीत ओतून देते. एक घोट घशाखाली उतरत नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर आठव. आईची छाती धडधडायची, डोळ्याला डोळा लागत नव्हता. तू बुसानहून येऊन तिच्या उशाशी बसलीस आणि चहाचं काम मी घेतलं. नेमकी त्याच दिवसांत आपल्या अंगणात वर्षाची किमची, कोबीचं ते तिखट लोणचं, घालायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. चुलीवर मोठाली पातेली, कोपरापर्यंत तिखटाने माखलेले माझे हात, आणि वहिनींची हाक, "ओक-बुन, कोबी पिळायला ये गं, किती वेळ?" आतून तू विचारलंस, "बिया भाजल्यास ना?" मी म्हटलं, "हो हो, भाजल्या." भाजल्या नव्हत्या, ताई. कढई ठेवायला चूल रिकामी नव्हती. वैद्यबुवांनी बजावलं होतं की भाजलेल्या बिया झोप आणतात आणि कच्च्या झोप उडवतात. मला वाटलं, उकळल्या की झालं, तेवढ्याने काय होतंय. किमचीचे तिन्ही दिवस मी तशाच कच्च्या बिया उकळून दिल्या आणि आई तिन्ही दिवस टक्क जागी राहिली. तिच्याबरोबर तूही.

तिसऱ्या दुपारी तू तिच्यावर ओरडलीस, "मुद्दाम छळतेस का मला? मीट ना एकदाचे डोळे." आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि दुसऱ्या सकाळी गेली.

तेव्हापासून दरवर्षी तिच्या श्राद्धाला ताटात बोरं मांडताना तू ती पुन्हा पुन्हा सरळ करत बसतेस. तू दर वेळी म्हणतेस, "शेवटचं बोलले ते असं बोलले." मी शेजारी बसून नासपती सोलत असते. अकरा वर्षं गप्प राहिले.

गुरुवारी मी त्या टेबलावरून उठले नाही, तर हे तुला सांगायला कुणीच उरणार नाही, आणि तू मरेपर्यंत स्वतःला दोष देत बसशील. मला मरणाची भीती वाटते, पण त्याहून या गोष्टीची जास्त वाटते. म्हणून लिहिलं. आईला झोप येत नव्हती ती माझ्यामुळे. तू ओरडलीस ते माझ्या वाट्याचं होतं. जमलं तर बुधवारी दुपारच्या बसने ये. बिया भाजून डब्यात भरून ठेवल्या आहेत. ये आणि आधी मला ओरड, पोटभर ओरड. मग चहा तू कर. तुझ्या हातचा असेल तर मला जाईल.

तुझीच,
ओक-बुन